लाल झाकणाच्या डब्यातली पानं

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची गुडघेदुखी आता फक्त जिन्यापुरती उरली असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. (म्हणजे तुमची ताई ठीक आहे, मी जळतोय.)

कारण शेजारचे शिंपीकाका. माणूस सज्जन आहे, हीच तर अडचण. थंडीत तुमच्या ताईचा खोकला हटेना, तेव्हा या गृहस्थांनी कुंपणावरून लाल झाकणाचा डबा पुढे केला. आत म्युलिनची वाळकी पानं. (म्युलिन म्हणजे लोकरीसारख्या लवदार पानांचं झाड, त्यांच्याकडचं माझ्यापेक्षा हातभर उंच, वर पिवळ्या फुलांचा तुरा.) तिनं काढा घेतला, खोकला गेला, पण सकाळचा तो कप राहिला आणि शिंपीकाकांचं कौतुकही. चाळीस वर्षं मी दुकानात लोकांची आणि घरात हिची घड्याळं बिनचूक चालवली, त्याबद्दल कधी चकार शब्द नाही!

मग मीही बी आणून पेरलं. खत घातलं, दिवसातून तीनदा पाणी घातलं, रोपं कुजली. या झाडाला लाड सोसत नाहीत म्हणे. उरलेलं बी रागानं भिंतीकडच्या खडीत फेकलं, ते तरारून आलं! पण बसलं जमिनीला चिकटून. मी रोज पट्टीनं मोजायचो. उंची काही वाढेना. शिंपीकाका कुंपणावरून म्हणाले, "अहो, तुरा दुसऱ्या वर्षी येतो." (हेही त्यांनीच सांगायचं!) पानं मात्र तळहाताएवढी झाली. ती वाळवली, उकळली, कप तिच्या हातात दिला. पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की शिंपीकाका धावत आले. पानांवरची लव घशात खाजते, काढा दाट कापडातून गाळावा लागतो. शिंप्याला कापडाचा काय तोटा? त्या दिवसापासून माझ्या पानांना घरात बंदी.

या महिन्यात त्यांचं झाड वाळलं. बी धरलं की ते मरतंच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. डबाही संपत आला. मी गुपचूप त्यात माझी पानं भरली आणि काढा रुमालातून दोनदा गाळून दिला. तुमची ताई डोळे मिटून म्हणाली, "शिंपीकाकांच्या पानांची सर तुमच्या पानांना यायची नाही हो!" आता सांगा, मी जळायचं तरी कुणावर?

तुमचा,
पानं पिकवून नाव गमावलेला मेहुणा

ता. क. खरं काम असं, की रविवारी या आणि तिच्यासमोर माझ्या झाडाची तोंडभर स्तुती करा. डब्याचं मात्र बोलू नका.

ता. क. २. गुडघे दुखत असले तरी या.

ता. क. ३. (हे अक्षर माझं.) बाळ्या, पत्र टेबलावर उघडं टाकून हे पट्टी घेऊन बागेत गेलेत. शिंपीकाका पानं चुरून देतात, डब्यात अख्खी होती. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. काढा छान होतो यांचा. पण दुकान बंद केल्यापासून हे खुर्चीतून उठत नव्हते, आणि आता दिवसभर बागेत असतात. रविवारी ये, जेव, गप्पा मार. स्तुती केलीस तर मात्र बघ! – ताई