काटा तांबड्यावर

सावदा, दि. ६ डिसेंबर १९९१

चि. भटूस कौतिकचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. माय धुळ्याहून आल्यापासून तुझ्या वहिनीच्या भाजीला नावं ठेवते आणि तीच दोनदा मागून खाते. मधूनच छातीत भरून येतं म्हणते. गॅस असेल.

आता तुझ्या दुसऱ्या पेशंटचं. तू दिवाळीत आपल्या डिझेल गाडीला इंजिनाच्या गरमीचा नवा काटा बसवून दिलास. आता चढ आला की गाडीची ओढ जाते, ॲक्सिलेटर दाबून पाय दुखतो, आणि त्याच वेळी काटा तांबड्यावर! मागच्या लग्नाच्या भाड्याला वऱ्हाडाला उतरवून ढकलायला लावलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी उपाय कळवावा.

पोरं काकाची वाट बघतात, विसरू नकोस.

कौतिक

धुळे, दि. ११ डिसेंबर १९९१

ती. कौतिकभाऊंस भटूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून गॅरेजभर हसलो. नवरदेवानंही ढकलली का, तेवढं कळवा. पण भाऊ, हे हसण्यावारी नेऊ नका. ओढ जाते आणि काटा चढतो, म्हणजे इंजिन तापतंय. तशीच दामटली तर इंजिन जाम होईल. काटा तांबड्यावर गेला की गाडी बाजूला घ्यायची आणि पुरा अर्धा तास थांबायचं, मग आत कुणीही बसलेलं असो. काट्यावर शंका घेऊ नका, माझ्या हातचा आहे. संक्रांतीनंतर गाडी घेऊन या, बघतो.

हे मायला वाचून दाखवा, नाहीतर तुम्ही ऐकायचे नाहीत. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

भटू

सावदा, दि. १४ जानेवारी १९९२

चि. भटूस अनेक आशीर्वाद.

तेराव्यापर्यंत तू इथंच होतास, पण तोंडानं सांगवेना, म्हणून लिहितो.

त्या सकाळी मायची छाती फार दुखायला लागली. तिला आणि तुझ्या वहिनीला मागे बसवून जळगावच्या दवाखान्यात निघालो. भुसावळच्या अलीकडे, तापीच्या पुलाआधी ओढ गेली आणि काटा तांबड्यावर. थांबलो. दहा मिनिटांनी फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ, ना उकळी ना वाफ. म्हटलं, निघू. मायनं माझा हात धरला. म्हणाली की मना भटूनी सांगेल शे ना, मंग व्हऊ दे पुरा अर्धा तास. ट्रकवाल्यांना हात केले, एकही थांबला नाही.

अर्धा तास भरल्यावर निघालो. जळगावच्या वेशीवर तिची मान तुझ्या वहिनीच्या खांद्यावर पडली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

शेवटी तिच्या तोंडी तुझंच नाव होतं, एवढं तुला कळावं. जिवाला जप.

कौतिक

धुळे, दि. १९ जानेवारी १९९२

ती. भाऊंस शि. सा. न.

ना उकळी ना वाफ. ही ओळ मी चार दिवस वाचतोय. भाऊ, इंजिन तापलंच नव्हतं. तापलेलं इंजिन रेडिएटरचं झाकण असं उघडूच देत नाही. ओढ जात होती ती डिझेलचा फिल्टर चोक झाल्यामुळे. रडतखडत का होईना, गाडी न थांबता जळगावला पोचली असती. आणि काट्याची वायर मीच लोखंडाला खेटून नेली होती. तिचं आवरण घासलं, तार उघडी पडली, की ओढ जाऊन गाडी थरथरताच ती लोखंडाला टेकते आणि काटा सरळ तांबड्यावर जातो. तुम्ही दोन दुखणी लिहिलीत, मी एकच समजलो. गाडी डोळ्यांनी न बघता निदान केलं, वर मायला वाचून दाखवा म्हटलं.

माझ्या शब्दाखातर माय छातीवर हात दाबून अर्धा तास बसून राहिली. भाऊ, मला रडूही येत नाही.

लोभ असावा असं लिहायला हात होत नाही.

भटू

सावदा, दि. २४ जानेवारी १९९२

चि. भटूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं नाही, दाखवणारही नाही.

झाकण उघडलं तेव्हाच मला उमगलं होतं की काटा खोटा आहे. तरी मायचा हात सोडवून स्टिअरिंग धरवलं नाही. तिचा तुझ्यावरचा भरवसा मला मोडवेना. तू लांब होतास, मी तिथं होतो.

रविवारी गाडी घेऊन येतो. तांबडा दिसला तरी थांबणार नाही. तो काटा तूच काढ, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

लोभ आहेच, मागायचा नसतो.

कौतिक