टेबल उतरवल्याशिवाय टोचन लावू नये

मी, नागेश पुनाजी मडावी, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववी अर्धी, मूळ राहणार केळझरजवळ, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, सध्या कामानिमित्त मुक्काम बद्दी, हिमाचल प्रदेश, आज सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकानं किंवा कुणाच्या भरीला पडून नाही तर आपल्या मनानं हे लिहून ठेवतो. मला आजार नाही. मरायचा विचारही नाही. परवा मी कॅम्पर घेऊन वर डोंगरात काझाला निघणार आहे आणि तो रस्ता कसा आहे हे ज्यानं पाहिला त्यालाच विचारावं. मालकानं सगळ्या ड्रायव्हरांकडून विम्याचा फॉर्म भरून घेतला. त्यात वारसाच्या नावाला बोटभर जागा होती. माझं तेवढ्यात मावत नाही, म्हणून हा कागद.

कागद लिहिताना बाबाराव मागून वाचत होता. हा आमच्या वर्कशॉपातला वेल्डर, अल्लीपूरचा. म्हणाला, “तू मरून राह्यला का बे? मंग आधी माही चप्पल दे.” त्याची चप्पल मी गेल्या महिन्यातच परत केली आहे. तो या कागदाचा साक्षीदार असल्यामुळे हेही इथं नोंदवतो.

वाचणाऱ्या वकीलसाहेबांसाठी खुलासा: कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत झोपायला जागा, शेगडी, दोन समोरासमोर बाकं आणि मधात जेवायचं टेबल. तिला इंजिन नसतं. जीपमागे जोडून ओढत न्यावी लागते, त्याला टोचन म्हणतात. मी या खोल्या बनवतो आणि टोचन करून पोचवतोही. घरी सगळे म्हणायचे, हा पोरगा एका जागी बसत नाही. खरं आहे. आता माझ्या हातची घरंही बसत नाहीत.

१. शेत बाबांच्या नावावर आहे, ते माझं नाही. पुढेमागे त्यात माझा जो हक्क निघेल तो आई, जिजाबाई पुनाजी मडावी, हिला द्यावा. बँकेत जे असेल तेही आईचं. हा कागद वाचून दाखवताना बाबांनी आईला गोंडीत सांगावा. मराठीत सांगितला तर ती मान हलवेल आणि नंतर शेजारी जाऊन विचारेल.

२. वेल्डिंग मशीन, ड्रिल आणि हिरव्या पेटीतली सगळी अवजारं माझे भाटवे कार्तिक, म्हणजे मोठी बहीण सोनमताई हिचे यजमान, यांना द्यावी. यामागे कारण आहे. कार्तिकभाऊजींची नजर गावी उभ्या असलेल्या माझ्या स्वतःच्या कॅम्परवर आहे. चाकं काढायची, गणपतीच्या मंदिराच्या वाटेवर उभा करायचा आणि चहा-भज्यांचा ठेला टाकायचा, असा त्यांचा बेत आहे. बेत वाईट नाही, चतुर्थीला तिथं गर्दी असते. पण ठेला पाहिजे तर नवा बनवावा. मशीन देतो, पत्रा कसा वाकवायचा तेही फोनवर सांगतो. मी नसलो तर बाबाराव सांगेल.

३. सेलूचे फर्निचरवाले धर्मेंद्रशेठ यांना माझ्या मालमत्तेतून काही देऊ नये. सतरा वर्षांचा असताना मी त्यांच्याकडे कामाला होतो. मी केलेलं पहिलं टेबल त्यांनी गिऱ्हाइकासमोर हलवून दाखवलं आणि म्हणाले, “पाहा साहेब, टेबलाले पण चालायची घाई आहे, कारागिरासारखीच.” सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यांना एवढाच अधिकार देतो की त्यांनी केव्हाही येऊन माझ्या कॅम्परमधलं टेबल हलवून पाहावं. दोन्ही हातांनी हलवावं.

४. टेबल बांधायची रीत. ही माझी सगळ्यात मोठी कमाई आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेबलाची एक कड भिंतीच्या पट्टीत अडकलेली असते आणि पुढं एकच पाय. टोचन लावण्याआधी पाय काढायचा आणि फळी खाली दोन बाकांच्या मधात बसवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काझाच्या रस्त्यावर बसवलेली फळीही उडते. दर फेरीला एखादी खिडकी नाहीतर बाक फुटून यायचं. मालकानं नटबोल्ट लावले, तर फळीनं भिंतच उपटली. रबराचे पट्टे लावले, तर फळी त्यावर नाचू लागली.

मी एक दोर आणि एक दांडकं मागितलं. फोरमन म्हणाला, “ये बैलगाड़ी नहीं है, भाई.” मी म्हटलं, “सड़क तो बैलगाड़ी की ही है.”

बाबा बैलबंडीत कापूस भरून सेलूला न्यायचे. वरून दोर टाकायचे, दोरात दांडकं घालून पीळ द्यायचे. तेच केलं. फक्त फळीखाली आईच्या जुन्या लुगड्याची घडी घातली. नुसतं घट्ट बांधलं तर लाकूड फुटतं, सैल सोडलं तर उडतं. खाली घडी दबेपर्यंत पीळ द्यायचा आणि थांबायचं. फोरमननं फळीच्या कडेनं बाकावर खडूची रेघ मारली आणि मला पाठवलं. काझाला जाऊन आठव्या दिवशी परत आलो. फळी रेघेवरच होती. फोरमननं वाकून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं.

आज आमच्या वर्कशॉपातून निघणाऱ्या प्रत्येक कॅम्परमध्ये तो दोर असतो. निघताना पहाडी ड्रायव्हर एकमेकांना ओरडून विचारतात, “वर्धा लगाया क्या?” ज्यांनी वर्धा नकाशातही पाहिलं नाही ते रोज नाव घेतात. हे मी जिवंतपणी ऐकलं आहे. ही रीत कुणीही वापरावी, विचारायची गरज नाही, नाव मात्र तेच ठेवावं.

५. आता कॅम्पर. हा माझा स्वतःचा आहे, कागदं माझ्या नावावर आहेत. दरीत लोळलेला सांगाडा मालकानं भंगारात काढला होता. दोन वर्षं दर रविवारी खपून मी तो उभा केला आणि गेल्या दिवाळीत मालकाची जीप मागून घरी नेला. हे कलम मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, कारण खरं लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही.

घरी मी सांगितलं की बुटीबोरीजवळ कुणीतरी दगड मारला आणि खिडकी फुटली. दगड कुणी मारला नव्हता. मी आणि सोबत आलेला बाबाराव कॅम्परमध्ये जेवलो आणि मी टेबल न उतरवताच निघालो. रस्ता चार पदरी, गुळगुळीत. मला वाटलं, काझा करणाऱ्या माणसाला हा रस्ता काय करणार. एका स्पीडब्रेकरवर टेबल पट्टीतून सुटलं आणि खिडकीतून अर्धं बाहेर आलं. बाबाराव जीपमध्ये झोपला होता, त्यालाही मी दगडच सांगितला. हे आत्ता वाचून तो म्हणाला, “लेका, त्या दगडवाल्याले मी वर्ध्यापर्यंत शिव्या देत गेलतो.”

माझी धाकटी बहीण रुपा, वय एकवीस, हिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. टेबलाच्या कोपऱ्यात काचेचा चुरा रुतला होता. तिनं तो नखानं काढला, माझ्याकडे पाहिलं आणि ओढणीआड लपवून बाहेर टाकून दिला. कार्तिकभाऊजी तिथंच उभे होते.

रुपाला कॅम्पर पाहिजे होता. गावोगावच्या आठवडी बाजारात तो न्यायचा आणि टेबलावर कॉम्प्युटर मांडून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. आमच्याकडच्या बायका एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून सेलूला जातात. बाबा म्हणाले, उद्या लग्न होईल, मग कॅम्पर जावयाच्या घरी. भाऊजी हसून म्हणाले, “पोरगी टोचन लावते का कुठं?”

रुपा सरळ कॅम्परमध्ये चढली. तिनं टेबल उतरवलं, बांधलं आणि ट्रॅक्टर जोडला. पवनारला जाऊन परत. मी आणि भाऊजी मागून मोटारसायकलवर. तिनं मुद्दाम कडेचा फुटका रस्ता धरला. परत आल्यावर भाऊजींनी दार उघडलं, आत बोट लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “हाललं नाई.”

मग मला एकट्याला बाजूला घेऊन तिनं दोर दाखवला. “दादा, तुही दोरी या कोपऱ्यावर कापून राह्यली. काझाच्या अजून दोन फेऱ्या, मंग तुटते. तुले काऊन नाई दिसलं?” तिनं घडी फळीखाली घातली होती, तशीच दुसरी कोपऱ्यावर, दोराखाली घातली होती. आणि दांडक्याचं टोक बाकाला बांधलं होतं. मी ते नुसतं खोचत होतो.

तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी तसंच बांधतो. पण वर्कशॉपात सात महिने मी कुणाला सांगितलं नाही, कारण नाव माझं झालं होतं. बाकीचे जुन्याच पद्धतीनं बांधून डोंगर चढत राहिले. काल सगळ्यांना उभं करून बहिणीची रीत म्हणून दाखवलं. फोरमन ऐकून म्हणाला, “मतलब असली वर्धा तो घर पे बैठी है.” माझी छाती कधी इतकी फुगली नव्हती.

संध्याकाळी रुपाला फोन केला. सांगितलं, मृत्युपत्र करतो आहे, माझ्यामागे कॅम्पर तुला, तुझ्या एकटीच्या नावानं, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. ती म्हणाली, “मंग मी तुह्या मरायची वाट पाहू का, दादा?”

सबब, मी कॅम्पर तिच्या नावे करण्याच्या फॉर्मवर आज सह्या केल्या असून ते स्पीडपोस्टानं पाठवले आहेत. इथून पुढे कॅम्पर माझ्या मालमत्तेत धरू नये. तो या मृत्युपत्रातून वगळला आहे. त्यावर आईबाबा, भाटवे किंवा रुपाचा होणारा नवरा, कुणाचाही हक्क नाही आणि माझाही नाही. दिवाळीला घरी आल्यावर मला तो लागला, तर त्या दिवशी कोणत्या गावचा बाजार आहे ते रुपाला विचारून मी तिथं जाईन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

लिहून ठेवणार: नागेश पुनाजी मडावी (सही)

साक्षीदार:
१. बाबाराव, वेल्डर, रा. अल्लीपूर, ता. हिंगणघाट (सही)
२. दौलतराम, पेंटर, रा. बद्दी. यांना मराठी वाचता येत नाही. आत काय आहे ते यांना माहीत नाही, सही करताना मात्र यांनी मला पाहिलं. (सही)

ठिकाण: बद्दी
दिनांक: ९ जून २०२५