जिन्याखालचा पहिला मजला

ओहायो,
४ मे १९८६

चि. वेंडेलिन यास नोटबुर्गाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आई गेल्यापासून लॉज एकट्याने ओढवत नाही आणि आम्ही आलो नाही तर शरदात इन्सब्रुकच्या माणसाला घर देऊन टाकीन, असे लिहिले आहेस. वाचून दोन दिवस कामाला हात लागला नाही. यायला मी एका पायावर तयार आहे, ग्लेनही तयार आहे. पण तो एकुलता एक, वडिलांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणार नाही. मामंजी म्हणतात, की मुलगा जिथे राहायला जाणार ती जागा आधी डोळ्यांनी पाहीन, मग बोलेन.

म्हणून ते आणि सासूबाई जूनमध्ये तुझ्याकडे येताहेत. उभ्या जन्मात अमेरिकेबाहेर गेलेले नाहीत. तिकडे काय काय वेगळे असते, ते मला इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही, तूच लिही. त्यांचे मागणे एकच आहे. खोली पहिल्या मजल्यावर हवी. बाकी कशीही चालेल, पण यात हयगय नको. मामंजी, म्हणजे ऑरिन, शब्दाला फार धरून असतात.

स्वयंपाकघरात त्सेन्झीला सांग, तिच्या हातच्या डंपलिंगची इथे रोज आठवण निघते. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
नोटबुर्गा

*

ओबरलाइटन, तिरोल,
१८ मे १९८६

ती. ताईस वेंडेलिनचा शिरसाष्टांग नमस्कार.

काळजी करू नकोस. पहिल्या मजल्यावरची पुढची, सज्जाची खोली ठेवली आहे. बिशप येऊन राहिले होते तीच. याहून चांगले माझ्याकडे काही नाही.

त्यांना एवढे सांगून ठेव. खोलीत गारव्याचे यंत्र नाही, खिडकी आहे. खिडकीला जाळी नाही, तेव्हा एखादी गांधीलमाशी आत येईल आणि आपणहून जाईल. पलंग एक, पण गाद्या दोन आणि पांघरुणे दोन. उशी चौकोनी आणि एवढी मोठी, की आधी तिच्याशी समेट करावा लागतो. बाहेर जाताना किल्ली खाली खुंटीवर अडकवायची. तिला लावलेला पितळी गोळा मुद्दाम जड केला आहे, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. आणि न्याहारीच्या खोलीत शिरताना सगळ्यांना देवाच्या नावाने नमस्कार म्हणायचा, ओळख असो वा नसो.

त्सेन्झी म्हणते, की अमेरिकेत लोक उभ्याउभ्या जेवतात, त्यांना खुर्च्या कशाला लावायच्या. मी तिला गप्प केले. चर्चमध्ये त्यांच्या प्रवासासाठी मेणबत्ती लावली. खरे सांगायचे तर आपल्यासाठीही एक लावली. माया असू दे.

तुझा,
वेंडेलिन

*

ओबरलाइटन,
२९ जून १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाहुणे काल निघाले. घर सुने वाटते आहे. सगळे लिहितो, मग तूच मला काय ते सांग.

आले त्या दिवशी ऑरिन काठी टेकत दारात उभे राहिले. मी ऐटीत जिन्याकडे हात केला, म्हणालो, या, पहिला मजला. ते म्हणाले, की पहिल्या मजल्यावर तर आपण उभे आहोत. मी म्हणालो, नाही, हा तळमजला, पहिला वर. त्यांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिले, मग माझ्याकडे. विचारले, की तुमच्या देशात माणूस ज्यावर उभा असतो तो मजला मोजत नाहीत का? मला वाटले, थट्टा करताहेत. मी हसलो आणि बॅगा उचलल्या. ते कठड्याला धरून, दर पायरीला थांबत वर आले, आणि माझे हसू तिथेच विरले. सज्जाकडे त्यांनी पाहिलेही नाही. तुझ्या सासूबाईंना, व्हर्नाबाईंना म्हणाले, सुनेच्या भावाला एकपर्यंत मोजता येत नाही, हा लॉज काय चालवणार! ते मला दाराबाहेर ऐकू आले.

ताई, तू वीस वर्षांत तिकडची झालीस आणि लिहिलेस मात्र आपल्या भाषेत. त्यांच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द लिहायचा होतास!

खाली निजायची खोली एकच, स्वयंपाकघरामागची आईची. फेब्रुवारीपासून कुलूपबंद होती. तिची शालसुद्धा मी खुंटीवरून काढली नव्हती. किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग आईचेच बोल आठवले, की पाहुण्याला ताटकळत ठेवू नये, त्याच्याबरोबर कोण आत येते आपल्याला ठाऊक नसते. दार उघडले, खिडकी उघडली, नवी पांघरुणे घातली. दाराशी तीर्थाचे भांडे होते ते भरले.

व्हर्नाबाई ती दोन पांघरुणे पाहून गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्सेन्झीला खुणेने विचारू लागल्या, की आम्ही भांडतो असे कोणी कळवले का? सकाळी मात्र त्यांनी तिच्या गालाचा मुकाच घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाय उबदार राहिले म्हणाल्या, नाहीतर हा माणूस पहाटेपर्यंत सगळे पांघरूण गुंडाळून ममी होतो. मग त्यांनी बर्फ मागितला. त्सेन्झीने घाईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. आपल्याकडे बर्फ तापाला, पाण्यात कशाला?

माणसे मोठ्या मनाची, ताई. रोज आपला पलंग आपण आवरीत, ताटल्या एकावर एक रचून ठेवीत. ऑरिन आपला देवाचा नमस्कार शिकले आणि तो एवढ्या खणखणीत आवाजात घालीत, की कोपऱ्यातले म्हातारे जर्मन पाहुणे दचकत. कुत्र्यालाही घालीत. भिंतीपलीकडे पाव भाजल्याचा वास आला, की उठून स्वयंपाकघरात यायचे आणि त्सेन्झीसमोर बसून बटाटे सोलायचे. दोघांना एकमेकांचे एक अक्षरही कळत नव्हते, तरी तिने त्यांच्या जाड सालींवरून त्यांना पोटभर बोलून घेतले आणि ते पोटभर हसले.

पण तुमच्या येण्याबद्दल हो नाही की नाही नाही. निघताना माझा हात फक्त घट्ट दाबला. गेल्यावर पाहतो तर खुंटी रिकामी, आईच्या खोलीची किल्ली नाही. कुठे पडली कळत नाही. इन्सब्रुकचा माणूस पुन्हा निरोप पाठवतो आहे. त्याला काय सांगू? जे देवाच्या मनात असेल त्याला मी मान तुकवीन. तुझ्या आठवणीत असू दे.

तुझा,
वेंडेलिन

*

ओहायो,
१२ जुलै १९८६

चि. वेंडेलिन यास अनेक आशीर्वाद.

गुडघ्यांची चूक माझी, कबूल. इथे जमिनीलाच पहिला मजला म्हणतात, आणि मी कधी तसे म्हणायला लागले ते मलाही कळले नाही.

किल्ली शोधू नकोस. रविवारी जेवणानंतर मामंजींनी कोटाच्या खिशातून ती काढली आणि तो पितळी गोळा ग्लेनच्या ताटाशेजारी ठेवला. ग्लेनने विचारले, हे काय आणलेत? ते म्हणाले, की ते लोक पायाखालचा मजला मोजत नाहीत, शिकवायला घरातले कोणीतरी जायला हवे. मग चष्मा पुसत राहिले. पुढे एवढेच म्हणाले, की त्या पोराने आईची खोली मला दिली, माझा मुलगा तिथे परका राहणार नाही. सासूबाईंनी तर वेगळ्या पांघरुणांची ऑर्डर आधीच दिली आहे.

किल्ली टपालाने येणार नाही. ती मामंजींची, दर उन्हाळ्यात ते स्वतः घेऊन येणार आहेत. ती खोली त्यांचीच राहू दे, आणि आईची शाल तिथेच असू दे.

इन्सब्रुकच्या माणसाला नाही म्हणून सांग. आम्ही सप्टेंबरात निघतो. आमच्यासाठी पहिला मजला ठेव. जिना चढून जायचा तो.

तुझी ताई,
नोटबुर्गा