चौथ्या ओळीचा श्वास

हामरादाल, फॅरो बेटे
९ फेब्रुवारी १९५८

चि. हाइनी यास,
सुन्नुवाताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. मेंढ्या तगल्या. छपरावरचं गवत वाऱ्याने थोडं उपटलं होतं, ते बसवून घेतलं. वाऱ्यावर सुकवलेलं मटण पाठवते आहे. तुझ्या बायकोला, बोदिलला सांग, वासाला नाक मुरडायचं तर खुशाल मुरड, पण नवऱ्याला अंगणात बसवून खायला लावू नकोस.

आता खरं ते लिहिते. बाबा जाऊन चार महिने झाले. पाळक सहा आठवड्यांतून एकदा होडीने येतात. बाकीच्या रविवारी शाळेचे मास्तर पुस्तकातून प्रवचन वाचतात. पण बाबांसारखा सूर धरायला कोणी नाही. आपल्याकडे ऑर्गन नाही, एकाने पुढे उभं राहून ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी मागून जायचं. सुरुवातीचं स्तुतिगीत आम्ही कसंबसं उचलतो. चौथ्या ओळीशी बाबा थांबायचे, तिथे सगळेच थांबतो. आणि हाइनी, त्या शांततेत पुढे, बाबांच्या जागी, कोणीतरी श्वास घेतं. लांब, छाती भरून. तो ऐकला की आम्ही पाचवी ओळ धरतो. ऐकू सगळ्यांना येतं. पण बाहेर पडल्यावर सगळे बटाट्यांबद्दल बोलतात.

तुझा आवाज थेट बाबांचा आहे. ईस्टरला ये, सूर धर आणि न थांबता पुढे जा, म्हणजे त्यांना विसावा मिळेल. मला भीती वाटते रे.

माझा जीव तुम्हा दोघांत आहेच, तुमचाही इकडे थोडा राहू दे.
सुन्नुवाताई


एस्बियर्ग, डेन्मार्क
२७ फेब्रुवारी १९५८

ती. ताईस,
हाइनीचा सा. न. वि. वि.

मटण पोचलं. बोदिलने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, मग एक तुकडा चाखला, आणि तिसरा तर मागून घेतला. तुझी सरशी झाली.

ईस्टरचं मात्र जमणार नाही. कारण तुला ठाऊक आहे. दादाची, आपल्या याकुपची, होडी रिकामी आली आणि पुढच्याच रविवारी बाबा उठले, नेहमीचं स्तुतिगीत धरलं. ज्याने मुलगा बुडवला त्याचीच स्तुती. मी तिसऱ्या ओळीला उठलो, दार आपटलं आणि त्याच आठवड्यात बोट गाठली. याला नऊ वर्षं झाली. बाबांना मूठमाती द्यायलाही आलो नाही, ते मनाला खातं. पण ज्याचा विश्वास नाही त्याने उपासनेला पुढे उभं राहायचं, हे सोंग मला वठवता येणार नाही.

आणि बाबा थांबायचे, हे काय लिहिलंस? त्यांची छाती म्हणजे लोहाराचा भाता. एका श्वासात दोन ओळी जायच्या. माझ्यासमोर ते कधी थांबले नाहीत.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझा हाइनी


हामरादाल
१६ मार्च १९५८

चि. हाइनी यास, अ. उ. आ.

तुझ्यासमोर थांबले नाहीत हे खरं. तू निघून गेला होतास. तुला कळवू नये असं बाबांनी बजावलं होतं आणि मी मुकाट ऐकलं, ही माझी चूक.

तू दार आपटलंस तेव्हा ते चौथ्या ओळीवर आले होते. 'सागर तुझिया मुठीत, तूच राखणारा.' त्यांनी तोंड उघडलं, आवाज फुटेना. आम्हीही थांबलो. मग मोठा श्वास घेऊन त्यांनी पाचवी ओळ उचलली. त्यानंतर नऊ वर्षं, दर रविवारी तसंच. शेजारच्या गावचे टोमणे मारायचे, हामरादालचे लोक देवालाही एक ओळ कमीच देतात म्हणून. नंतर जन्मलेल्या मुलांना ती ओळ मुकीच माहीत आहे.

एकदा लोकर पिंजताना मी विचारलं. ते म्हणाले, "देवासमोर खोटं गाऊ नये, आणि गाणं अर्धवट टाकून जाऊही नये. जेवढं मला गाता येत नाही, तेवढा वेळ मी त्याच्यापुढे गप्प उभा राहतो. तीही उपासनाच." मग बराच वेळ पिंजत राहिले. शेवटी हळूच म्हणाले की त्या वेळात नजर आपोआप दाराकडे जाते, धाकटा आला तर त्याला कळलं पाहिजे की आपण कुठे थांबलोय.

ओळ अडली ती याकुपसाठी, पण वाट तुझी बघत होते. यापुढे मी आग्रह करणार नाही.

आशीर्वाद आहेतच, आलास तरी आणि न आलास तरी.
सुन्नुवाताई


हामरादाल
२१ एप्रिल १९५८

चि. हाइनी यास, अ. उ. आ.

परतीची बोट एस्बियर्गला सुखरूप लागल्याची तार मिळाली. ईस्टरला तू वेदीकडे तोंड करून उभा होतास, म्हणून तुझ्या पाठीमागचं तुला सांगते.

चौथ्या ओळीशी तू थांबलास. मग श्वास आला, अगदी तुझ्या उजव्या खांद्याशी. तुझी मान वळलेली मी पाहिली. आणि तू ती ओळ गायलीस, एकटा, फाटक्या आवाजात. 'राखणारा'वर आवाज गेला तो आम्ही बायकांनी सावरला. योन्सिनाआत्या खाली बसली ती शेवटपर्यंत उठली नाही. मुलं आ वासून बघत होती, त्यांनी ती ओळ प्रथमच ऐकली.

त्यानंतर दोन रविवार झाले, आम्ही गीत सरळ गातो. आता श्वास येत नाही. लोक मोकळे झालेत, बाहेर थांबून हसतात. मीच हे मागितलं होतं, आणि मीच घरी येऊन रडते. बाबा मला दुसऱ्यांदा गेले.

बोटीवर चढताना तू म्हणालास, विश्वास आहे की नाही तुलाच कळत नाही. आता कसा आहेस? लवकर लिही.
तुझी वाट बघणारी,
सुन्नुवाताई


एस्बियर्ग
५ मे १९५८

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल मी इथल्या चर्चला निघालो. बोदिलला बोललो नव्हतो, तरी ती कोट चढवून मागे आली.

इथे ऑर्गन आहे आणि तो कुणासाठी थांबत नाही. नेमकं तेच गीत लागलं. चौथ्या ओळीशी मी थांबलो. ठरवून नाही, थांबलो खरा. सगळे पुढे गेले. आणि माझ्या उजव्या हाताला कोणीतरी छाती भरून श्वास घेतला. ओल्या लोकरीचा वास आला. मग मी ती ओळ गायली, सगळ्यांच्या मागून, एकटाच.

घाबरलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. विश्वासाचं मला अजून सांगता येत नाही, पण येत्या रविवारीही जाणार आहे. तू रडू नकोस. ते इकडे आले आहेत.

बोदिल माझ्या उजवीकडेच बसली होती. तिने काय ऐकलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिने फक्त स्कर्ट सावरला आणि बाकावर सरकून आमच्या दोघांमध्ये एका माणसापुरती जागा केली.

आम्हा तिघांवर लोभ असू दे.
तुझा हाइनी