हत्तीला न बुजणारा घोडा

मु. शाहूपुरी, कोल्हापूर
आश्विन वद्य पंचमी

तीर्थरूप अण्णाप्पामामांचे चरणी भाचा चनबसाप्पाचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा बाजारापर्यंत साथ देतो, की अजून शांतव्वामामींनाच पिशवी न्यावी लागते, ते कळवावे.

माझ्यावरच्या खटल्याची बातमी गडहिंग्लजला तिखटमीठ लावून पोचली असेल. (आणणारा ज्ञानू असेल तर नुसतं तिखट.) म्हणून घडलं ते लिहितो. गेल्या महिन्यात मी माझा पांढरा घोडा रशीद टांगेवाल्याला विकला. बिचाऱ्यानं दात पाहिले नाहीत, खूर पाहिले नाहीत, एकच विचारलं, "शेठ, इथं रस्त्यावर दरबारचे हत्ती फिरत्यात. घोडा बुजतो काय?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आजपत्तुर एकदाबी हत्तीला बुजलेला न्हाय!" यात खोटं काय, सांगा. घोडा तुमच्याच गावचा. तिथं हत्ती आहे कुठं?

तिसऱ्या दिवशी हत्ती समोर आला आणि घोडा टांग्यासकट कासाराच्या दुकानात शिरला. आत आमच्या शेजारच्या बायडाबाई बांगड्या भरून घेत होत्या. दोन चढल्या होत्या, बाकीच्या सगळ्या घोड्यानं फोडल्या. रशीदचं मनगट निखळलं, टांगा मोडला, धंदा बसला. त्यानं फिर्याद ठोकली.

वकील मी दिला नाही. (सत्याला वकील कशाला?) मुनसफसाहेबांनी विचारलं, "घोड्यानं हत्ती पाहिलेलाच नाही, हे तुम्हांला ठाऊक होतं?" मी ठणकावलं, "व्हय साहेब, म्हणून तर एवढ्या खात्रीनं बोललो की!" कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. ऐकणाऱ्याची समजूत चुकावी म्हणून निम्मंच खरं सांगणं ही फसवणूकच, म्हणाले; सौदा रद्द, घोडा परत घ्या, पैसे परत द्या, टांग्याची भरपाईही द्या.

मी खचलो नाही, पण रशीद गळ्यात बांधलेल्या हातानिशी घोडा सोडायला आला आणि जाताना घोड्याच्या मानेवरून हात फिरवून म्हणाला, "जनावराचा काय गुन्हा न्हाय, शेठ." तेव्हा मात्र मान खाली गेली. यापुढं अर्धवट बोलणार नाही, अशी बसवेश्वरांची शपथ घेतली आहे.

तुमचा
चनबसाप्पा

ता. क. मुख्य काम राहिलंच. माझ्या धाकट्या भावाला, मल्लाप्पाला, निपाणीकडचं स्थळ आलंय. मुलीचे वडील तुमच्याकडे चौकशीला येतील. शिक्षणाचं विचारलं तर बेधडक सांगा, पोरगा मॅट्रिकला आजवर एकदाही नापास झालेला नाही.

आणखी ता. क. परीक्षेला बसला होता काय, असं त्यांनी विचारायच्या आत मामींना जेवणाची पानं वाढायला सांगा.