नेपोलियनला कुंकू लागलं त्याची गोष्ट

बसवनगुडी, बंगलोर
२१ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप भावजींच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा, नागनाथचा, नमस्कार. पाकीट न फाडता उघडलंत आणि इथवर वाचलंत, त्यातच आमचं क्षेम आलं. आपला गुडघा कसा आहे? (दसऱ्याला आपण तडक निघालात तेव्हा स्टेशनपर्यंत मला आपल्याला गाठता आलं नाही, त्याअर्थी बरा असावा.) अक्काचा खोकला थांबला का?

त्या दुपारविषयी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अकरा वर्षं आपण दोघं वॉटर्लूची लढाई खेळतोय. आपण धारवाडहून शिशाचे फ्रेंच सैनिक रंगवून बिस्किटांच्या डब्यातून आणता, मी इथं इंग्रज रंगवतो, आणि दर वर्षी नेपोलियन हरतो. यंदा मात्र आपण मधली टेकडी घेतलीत, माझं घोडदळ कापलंत, आणि वेलिंग्टनला पळायला जेवणाच्या टेबलाची कड तेवढी उरली. "आता निवांत जेवून घेऊ," आपण म्हणालात. इतकं हसताना मी आपल्याला अक्काच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

जेवून आपण जरा पडलात. उठून पाहता तो टेबलावर हळदीकुंकवाची तबकं, आणि दोन्ही सैन्यं दसऱ्याला इथं घरोघरी बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांवर, राजाराणीच्या मागं, वरातीसारखी. आमच्या हिनं, सत्यवतीनं, ती रंग जुळवून मांडलेली, त्यामुळे आपला नेपोलियन थेट माझ्या तोफांमध्ये. शेजारच्या वसुमतीबाईंनी विचारलं, "घोड्यावरचा तो नवरामुलगा का हो?" सत्यवती म्हणाली, "हो. स्वल्प ठेंगणा आहे, पण घराणं चांगलं." मग सगळ्या बायकांनी आरती म्हटली आणि त्याला कुंकू लावलं. आपण पिशवी भरलीत आणि निघालात. आपलं सैन्य न्यायलाही वळला नाहीत, ते मला फार लागलं.

सत्यवतीनं कुंकू पुसून पाहिलं. नेपोलियनचे गाल गुलाबी राहिले आहेत. वाईट दिसत नाहीत.

आपला,
नागनाथ

ता. क. लढाई पुन्हा होती तशी मांडली आहे. (आपलं राखीव पायदळ दोन बोटं मागं असेल, आठवणीचा काय भरवसा.) टेबल अडल्यामुळे आम्ही जमिनीवर पानं घेतो. दिवाळीला अक्काला घेऊन या.

आणखी ता. क. सत्यवती म्हणते, एवढं लिहिलंत तर खरंही लिहा. टेबल तिनं मागितलंच नव्हतं. आपण घोरत होता तेव्हा मीच तिला म्हटलं, "बायकांना टेबल लागेल, सैनिक पायऱ्यांवर शोभतील." भावजी, मी हरत होतो. चाल आपली आहे. या, आणि मला हरवून जा.