पिंपळाचं पान, सोळा बाय सोळा

१५ एप्रिल, मंगळवार
काल जयंती छान पार पडली. मिरवणुकीत हिरामणने केलेला बॅनर सगळ्यांनी वाखाणला. मीही वाखाणला. दोनदा. मनात काही नव्हतं.

विहार कमिटीचे अध्यक्ष रावजीबाबा शेवटी माइकवर बोलले. विहाराच्या अभ्यासिकेत कॉम्प्युटर आलाय. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलंय ते कळायला माझ्या जागृतीने एक प्रोग्राम लिहिलाय. (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. सुट्टीला घरी आली आहे.) बुद्धपौर्णिमेला, बारा मेला, उद्घाटन. आता फक्त त्या प्रोग्रामला, ज्याच्यावर बोट ठेवून तो उघडायचा, ते एक छोटं चित्र हवं. त्याला आयकॉन म्हणतात. कोण काढतंय, असं बाबांनी विचारलं आणि हिरामणकडे बघितलं.

हिरामणने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, मी काढतो.

नाक्यावर हिरामणचं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान आहे, मान्य. पण आम्ही एका बाकावर बसलेलो. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत मला बी ग्रेड होती. त्याला सी. हे मी कुणाला सांगत नाही. बाबांना सांगितलं, कारण त्यांना माहीत असलेलं बरं.

१६ एप्रिल, बुधवार. सकाळी
विहारातल्या पिंपळाखाली बसून पान काढलं. पोस्टर कलरमध्ये. समोरून काढलेलं पान कुणीही काढेल. मी वाऱ्यावर वळलेलं, तिरकं काढलं. लांब देठ, खाली लांब निमुळतं शेपूट. पिंपळपानाचा सगळा जीव त्या शेपटात असतो. शिरा बावीस.

केसरला दाखवलं. बरं हाय म्हणाली. आमच्या हिच्या तोंडून बरं हाय म्हणजे फार झालं.

१८ एप्रिल, शुक्रवार
फोनने पानाचा फोटो काढून जागृतीला व्हॉट्सॲप केला. ती म्हणाली, पप्पा, व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर कागदच द्या, हिरामणकाकांकडे स्कॅनर आहे.

मी म्हणालो, मला दोन्ही फोटो सारखेच दिसतात. ती म्हणाली, हिरामणकाका सांगतात की

पुढचं ऐकलं नाही. ड्युटीची वेळ झाली होती. (एक तास होता.)

२० एप्रिल, रविवार
आयकॉनचं काम एका मिनिटात संपवलं. उगाच बाऊ करतात.

फाइलचं नाव होतं पान डॉट जेपीजी. आयकॉनला आयको लागतं. मी नाव बदलून पान डॉट आयको केलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का, फाइल बिघडू शकते. चोवीस वर्षं एसटीत काढली, त्यातली नऊ रेवदंड्याच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. रोज पन्नास गाड्यांना मी निघ म्हणतो. नक्की आहे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी जागृतीने ती फाइल प्रोग्रामला लावायला घेतली. कॉम्प्युटर म्हणाला, या फाइलीत आयकॉनच नाही. पोरगी हसत सुटली. म्हणाली, पप्पा, पनवेलच्या गाडीला मुरुडची पाटी लावली म्हणून ती मुरुडला जाते का?

उदाहरण चांगलं होतं. मला आवडलं. विचारलं, तुला सुचलं? तर म्हणे, नाही, हिरामणकाका असंच समजावतात.

एसटीत मी. पाट्या माझ्या. उदाहरणं हिरामणची.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी, स्टँडवर
मुळातून अभ्यास करायचं ठरवलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फोनवर वाचून टिपणं काढली.

जेपीजी: फोटोसाठी. जागा कमी घेतो, पण त्यासाठी डोळ्याला कळणार नाही असं थोडंथोडं टाकून देतो. पारदर्शक काही ठेवता येत नाही, चित्रामागे रंग राहतोच.
पीएनजी: काही टाकत नाही. मागची जागा पारदर्शक ठेवतो. आयकॉनला बरा.
बीएमपी: सगळं जसंच्या तसं जपून ठेवतो, म्हणून अवजड. आमच्या गोदूआत्याच्या माळ्यासारखा.
एसव्हीजी: हे चित्रच नव्हे. चित्र कसं काढायचं त्याच्या सूचना. म्हणून कितीही मोठं करा, फुटत नाही. हे मात्र हिरामणला माहीत नसणार.

सायंकाळी
हिरामणला माहीत आहे. जयंतीचा बॅनर त्याने एसव्हीजीतच केला होता. जागृतीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२३ एप्रिल, बुधवार
मला हिरामणचा मत्सर वाटतो असं केसर म्हणते. मुळीच नाही. तरी मनाची शुद्धी म्हणून आजपासून वंदनेनंतर दहा मिनिटं मैत्री भावना, खास हिरामणसाठी. हिरामण सुखी होवो. हिरामण निरोगी होवो. हिरामणच्या दुकानात

सहा मिनिटं झाली. सुरुवातीला पुष्कळ आहेत.

२४ एप्रिल, गुरुवार
नवा नेम. रोज वंदना झाली की जागृतीच्या लॅपटॉपवर पान उघडायचं, पेंटमध्ये शेपटाला एक बारीक फटकारा द्यायचा आणि सेव्ह करायचं. श्रद्धेने रोज थोडं केलं की काम वाढत जातं.

फाइलचं नाव परत जेपीजी केलंय. मोठेपणा लागतो त्याला.

मैत्री भावना: पाच मिनिटं.

२९ एप्रिल, मंगळवार
पान जरा धुळकट दिसतंय. स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. जागृती ओरडली.

२ मे, शुक्रवार
देठाभोवती बारीक ठिपके आले आहेत. मी काढलेले नाहीत. चष्मा पुसला, ठिपके तिथेच. केसरने मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, अहो, पानाला रोग पडलाय, फवारणी करा.

नेम चालू.

४ मे, रविवार
रोग कुठून आला ते कळलं. जेपीजी हात लावून सेव्ह केला की दर वेळी काहीतरी टाकून देतो. मी तर अकरा दिवस न चुकता सेव्ह करतोय. माझ्याच टिपणात लिहिलेलं होतं, थोडंथोडं टाकून देतो. मला वाटलं, एकदाच.

म्हणजे अकरा दिवस मी रोज सकाळी हात जोडून स्वतःचंच पान कुरतडत होतो.

जागृती म्हणाली, पप्पा, कागद आहे ना अजून? हिरामणकाकापण कागदाचंच विचारत होते.

हिरामणला माझा कागद कशाला? कपाटात धम्मपदाखाली ठेवून दिला. तिथे कुणी हात घालणार नाही.

५ मे, सोमवार
नाक्यावर चहाला गेलो. तीनदा. तिसऱ्यांदा हिरामणच्या स्क्रीनवर दिसलं. धम्मचक्र. निळं, स्वच्छ, मागे पांढरं काही नाही. आरे मोजले. चोवीस. एखादा कमी असता तर सांगता आलं असतं.

समजलो. पौर्णिमेला आपलं चक्र पुढे करणार, आणि बाबा म्हणणार, व्हय, ह्ये झ्याक हाय. माझी पोरगी म्हणणार, हिरामणकाका ग्रेट.

मैत्री भावना: दोन मिनिटं. त्यातलं एक डासात गेलं.

६ मे, मंगळवार
इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर असतो. एका बाजूने पान टाकलं, दुसऱ्या बाजूने आयको आलं. खरं आयको. लागलं सुद्धा! निळ्या स्क्रीनवर पांढरा चौकोन आणि चौकोनात आजारी पान. स्टँडवर चिकटवलेल्या सूचनेसारखं. जागृतीने लॅपटॉप हळूच मिटला. हसली असती तर बरं होतं.

७ मे, बुधवार
पांढरं खोडून पीएनजी केला. पानाच्या कडेने पांढरे केस राहिले. ते खोडताना शेपूट खोडलं गेलं. शेपूट परत काढलं, ते दुसऱ्याच कुठल्या झाडाचं झालं.

८ मे, गुरुवार. दुपारी
हिरामण स्वतः स्टँडवर आला. जय भीम केला, बाकावर बसला, दोन कटिंग मागवले. म्हणाला, दया, आयको म्हणजे एक चित्र नाही, एक डबा असतो. त्यात एकाच चित्राची लहानमोठी मापं ठेवतात. दोनशे छप्पन, अठ्ठेचाळीस, बत्तीस आणि सगळ्यात बारकं सोळा बाय सोळा. म्हणजे सोळा ठिपके रुंद, सोळा उंच. मोठं पान तुझं आहे तसंच ठेव. पण सोळाचं वेगळं काढ. समोरून, रुंद. शिरा नको, शेपूट आखूड. तुझ्या गाडीच्या बाजूच्या पाटीवर सगळी गावं असतात, पण समोरच्या पाटीवर नुसतं मुरुड लिहितोस ना? लांबून कळायला? तसं.

मी म्हणालो, पाट्यांचं मला शिकवू नकोस. चोवीस वर्षं झाली.
तो म्हणाला, म्हणून तर तुला सांगतोय.
मी म्हणालो, शेपूट आखूड होणार नाही. जीव असतो त्यात.
तो म्हणाला, बरं. कागद दे, मी स्कॅन तरी करतो.
मी म्हणालो, गरज नाही. तयार आहे.

खोटं बोलणं पंचशीलात बसत नाही. पण तयार म्हणजे मी मनाने तयार होतो. चहाचे त्यानेच दिले. द्यायला नको होते त्याने.

११ मे, रविवार
उद्या पौर्णिमा. माझ्याकडे सात फाइली आहेत. तीन उघडत नाहीत, दोहोंत शेपूट नाही, एक पांढऱ्या चौकोनात, आणि एकीत काय आहे ते मलाच कळत नाही.

आता कागदच जागृतीला द्यावा म्हणून कपाट उघडलं. धम्मपद जागेवर. खाली कागद नाही.

केसरला विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, मी दिला जागृतीला. चार दिवस तुमचं तोंड बघवंना. पोर घेऊन गेली हिरामणभावजींकडं. काय खाऊन टाकणार हायेत काय ते कागद?

संध्याकाळपर्यंत ओटीवर बसलो. ठरवलं, उद्या चक्र लागलं की सगळ्यांत आधी मी टाळ्या वाजवायच्या. जोरात. कुणाला काही वाटता कामा नये.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा
वंदना झाली. खीर झाली. अभ्यासिकेत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. जागृतीने कॉम्प्युटर चालू केला. मी टाळ्यांसाठी हात वर घेतले.

स्क्रीनवर माझं पान.

माझंच. तिरकं, हिरवंगार, बावीस शिरा, लांब शेपूट. मागे पांढरं नाही, कडेला केस नाहीत. कागदावर होतं तसंच्या तसं. हात वरच राहिले. रावजीबाबांनी विचारलं, कुणी काढलं रं ह्ये? आणि हिरामण मागून मोठ्याने म्हणाला, दयारामने. बी ग्रेडवाला हाय तो. आमच्या बाकावरचा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला गुलाबाचं फूल दिलं. जागृती माझ्याकडे बघून हसली, ती लहानपणी शाळेच्या गेटातून बाहेर पडताना हसायची तशी.

चक्राचं विचारलं. ते विहाराच्या कमानीच्या बोर्डासाठी होतं. फेब्रुवारीत कमिटीत ठरलं होतं. मीटिंगला मी हजर होतो म्हणे.

मग जागृतीने प्रोग्राम उघडला. खालच्या पट्टीत बारकं चित्र आलं. गोदूआत्या पुढे झाली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. म्हणाली, आगो जागृती, पुस्तकांच्या यादीत ही हिरवी मिरची कशाला?

सगळी अभ्यासिका हसली. बाबासुद्धा, तोंडावर उपरणं धरून.

मी हळूच हिरामणला विचारलं, सोळाचं तू वेगळं का नाही केलंस? तो म्हणाला, तू नाही म्हणालास ना. चित्र तुझं. तुझं शेपूट मी कसं कापू?

आणि वळून आत्याला म्हणाला, आत्या, नीट बघा. पान हाय ते. पिंपळाचं.

१४ मे, बुधवार
अभ्यासिकेत बाबांना प्रोग्राम उघडता येईना. जागृती त्यांना म्हणाली, मिरचीवर क्लिक करा. बाबांना लगेच जमलं.

१७ मे, शनिवार
आता सगळेच म्हणतात. मिरची उघड. मिरची बंद कर. मिरचीत बघ, कुणाकडे गेलंय पुस्तक. आज सकाळी केसर भाजीला निघताना म्हणाली, तुमच्या विहारातल्या दोन आणू का?

एकटा हिरामण मानायला तयार नाही. काल दुकान बंद करून अभ्यासिकेत आला होता. जो कोणी मिरची म्हणेल त्याला थांबवून, स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होता, हा बघ देठ, ही बघ शेपटी, पान हाय ते. कुणाला पटत नव्हतं. घसा बसला त्याचा. मी दारातून बघितलं आणि आत न जाता परत आलो. येण्याआधी लांबून त्या पट्टीकडे नीट, चष्मा पुसून बघितलं.

आज मैत्री भावना, हिरामणसाठी. पूर्ण दहा मिनिटं. दहाव्या मिनिटाला मनातल्या मनात त्याला म्हटलं, राहू दे रे हिरामण. मिरचीच दिसते.